पाण्याचा तराजू आणि त्याचा पासंग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मातीविना शेती ही गोष्ट आता आपल्याकडे नवलाची राहिलेली नाही. शहरातल्या गच्च्यांवर पांढऱ्या पाइपांत लेट्यूस आणि पालक दिसतो. शहराबाहेरच्या पॉलिहाऊसमध्ये कोकोपीटच्या पिशव्यांत रंगीत ढोबळी मिरची आणि टोमॅटो उभे असतात. नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, शेतीची पदवी घेतलेली मुले-मुली, बचतगटातल्या भगिनी असे निरनिराळे लोक याकडे वळत आहेत. यात उतरू पाहणारा माणूस अगदी सुरुवातीलाच विचारतो, "पाणी तपासायचे मीटर कोणते घेऊ?"

प्रश्न योग्य आहे, पण तो अर्धाच आहे. पुढचा अर्धा भाग असा, की "घेतलेले मीटर खरे बोलते की नाही, हे मला कसे कळेल?" आज आपण या दोन्ही भागांबद्दल बोलणार आहोत. शास्त्र थोडे सांगेन, पण बाजारात जाताना आणि मीटर घरी आणल्यावर उपयोगी पडेल असेच सांगेन.

आधी मीटर लागतेच कशाला ते पाहू. आपले आजोबा-पणजोबा मीटरशिवायच शेती करत होते. खरे आहे, पण त्यांच्या पाठीशी माती होती. खताची मूठ थोडी जास्त पडली, तर माती ते पोटात घालते. मातीचे बारीक कण आणि कुजलेला पालापाचोळा अन्नद्रव्ये धरून ठेवतात, हळूहळू सोडतात, पाण्याचा आंबटपणा एकदम वर-खाली होऊ देत नाहीत. आपली काळी जमीन तर या बाबतीत फारच सोशिक. पाण्यावरच्या शेतीत हा सोशिकपणा नाही. मुळे थेट खताच्या द्रावणात असतात. सकाळी द्रावण बिघडले, तर संध्याकाळपर्यंत मुळांना त्याचा त्रास सुरू होतो. पानांवर मात्र तो काही दिवसांनी दिसतो. तोवर लेट्यूससारख्या पाच-सहा आठवड्यांच्या पिकाचा मोठा वेळ वाया गेलेला असतो. पॉलिहाऊससाठी ज्याने बँकेचे कर्ज काढले आहे, त्याच्या दृष्टीने हा वेळ म्हणजे हप्त्याचे पैसे. म्हणून या शेतीत मीटर ही चैन नाही. किराणा दुकानात तराजू जितका गरजेचा, तितकेच इथे मीटर गरजेचे.

या शेतीचा इतिहास फार जुना नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९३७ साली 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द रूढ केला. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, त्याच विद्यापीठातील होगलँड आणि आर्नन यांनी पाण्यात रोपे वाढवण्याची पुस्तिका काढली. त्यांच्या द्रावणाचा आधार आजही घेतला जातो. आपल्या देशात १९४६ च्या सुमारास शोल्टो डग्लस या इंग्रज शास्त्रज्ञाने कालिम्पाँग भागात प्रयोग केले. ते 'बंगाल पद्धत' या नावाने ओळखले गेले.

मापनाचा इतिहासही याच काळातला आहे. पाण्याचा आंबटपणा एका आकड्यात सांगण्याची युक्ती, म्हणजे पीएच, डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये काढली. ते कोपनहेगनमध्ये एका बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत. हा आकडा विजेवर मोजणारे सुटसुटीत यंत्र अमेरिकेत आर्नल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये तयार केले. कशासाठी? तर लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजण्यासाठी! लिंबूवर्गीय फळांच्या उद्योगात काम करणाऱ्या त्यांच्या एका जुन्या मित्राची ती अडचण होती. या लिंबाची आठवण ठेवा. पुढे ते आपल्या कामी येणार आहे.

आता, मोजायचे काय? मुख्यतः दोनच गोष्टी.

पहिली पीएच, ज्याला आपल्या कृषी पुस्तकांत 'सामू' म्हणतात. सात म्हणजे मध्यम, सातच्या खाली आम्ल, वर विम्ल. पाण्यावरच्या बहुतेक पिकांना साडेपाच ते साडेसहा या दरम्यानचा सामू मानवतो. सामू त्याच्या वर चढत गेला, की लोहासारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये द्रावणात असूनही रोपाला नीट मिळत नाहीत. नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी म्हणतो, लोह कमी पडले, आणि आणखी लोह टाकतो. ताटात जेवण वाढलेले आहे, पण हात बांधलेले आहेत, अशी ही अवस्था. लक्षात ठेवायचे म्हणजे, सामूमधला एक आकड्याचा फरक हा दहा पटींचा फरक असतो. पाच आणि सहा हे आकडे शेजारी दिसतात, पण पाच सामूचे पाणी सहाच्या पाण्यापेक्षा दहापट आम्ल असते.

दुसरी गोष्ट ईसी, म्हणजे विद्युत वाहकता. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. त्यात क्षार विरघळले, की वाहू लागते. जितके क्षार जास्त, तितकी ईसी जास्त. खते हेही क्षारच. म्हणून ईसीवरून द्रावण पातळ आहे की घट्ट, ते कळते. हे मोजण्याचे एकक मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर. लेट्यूसला साधारण ०.८ ते १.२ पुरते, टोमॅटोला २ पासून साडेतीनपर्यंत लागते. लेट्यूसच्या टाकीत टोमॅटोचे द्रावण गेले, तर पानांच्या कडा जळतात. टोमॅटोला लेट्यूसचे दिले, तर झाड उपाशी राहते.

एक मर्यादा मात्र आताच सांगून ठेवतो. द्रावणात किती क्षार आहेत ते ईसी सांगते, कोणते आहेत ते सांगत नाही. नत्र असो की साधे मीठ, ईसीच्या लेखी दोन्ही सारखेच.

इथे बाजारातला पहिला घोळ सुरू होतो. घरचा पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला येणारा माणूस खिशातून पेनासारखे यंत्र काढतो, ग्लासात बुडवतो आणि सांगतो, "तुमचा टीडीएस साडेतीनशे." हे पेन आपल्या ओळखीचे झाले आहे, स्वस्तही आहे, म्हणून पुष्कळ जण शेतीसाठीही तेच घेतात. पण गंमत अशी, की हे पेन टीडीएस मोजतच नाही. ते मोजते ईसीच, आणि आत ठरवून दिलेल्या एका आकड्याने गुणून 'पीपीएम' दाखवते. हा गुणक सगळ्या कंपन्यांचा एक नसतो. कुणी ०.५ धरतो, कुणी ०.७.

समजा, नाशिकच्या एका बागायतदाराने कोल्हापूरच्या मित्राला फोनवर सांगितले, "अरे, माझे टोमॅटो झकास आहेत. मी हजार पीपीएम ठेवतो." त्याच्या मीटरचा गुणक ०.५ आहे, म्हणजे त्याची खरी ईसी २. मित्राने आपल्या मीटरवर हजार पीपीएम आणले. त्याचा गुणक ०.७ आहे, म्हणजे त्याची ईसी झाली सुमारे १.४. दोघांच्या पडद्यावर आकडा एकच, पण एकाचे झाड पोटभर जेवते आणि दुसऱ्याचे पाव हिश्श्याहून अधिक कमी. दोघेही प्रामाणिक, दोघांची मीटरेही चालू. घोळ फक्त भाषेचा. म्हणून मीटर घेताना ते ईसी थेट दाखवते ना, एवढे आधी बघा. पीपीएमसुद्धा दाखवत असेल तर हरकत नाही, पण वहीत नोंद करताना, सल्ला विचारताना आणि देताना ईसीचाच आकडा वापरा.

आता मीटरच्या दुकानात जाण्यापूर्वी एक काम. तुमच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. कृषी विद्यापीठे, बरीचशी कृषी विज्ञान केंद्रे आणि जिल्ह्यातल्या माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळा यांच्याकडे ही सोय असते. बोअरचा पंप थोडा वेळ चालू ठेवून मग स्वच्छ बाटलीत काठोकाठ पाणी भरा आणि लवकर पोचवा. सामू, ईसी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, कार्बोनेट आणि बायकार्बोनेट एवढे तपासून मागा. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासले तर फारच चांगले, कारण विहीर-बोअरचे पाणी बारा महिने सारखे नसते.

याचा मीटरशी संबंध काय? दोन प्रकारे आहे. एक म्हणजे तुमच्या पाण्याचीच ईसी ०.८ असेल आणि लेट्यूसला १.२ पर्यंतच द्यायची असेल, तर खतासाठी जागा उरली फक्त ०.४ ची. पडद्यावर १.२ दिसेल, तुम्ही समाधानी व्हाल, पण त्यातले दोन तृतीयांश पाण्याचेच मूळ क्षार असतील. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तिथल्या भूजलात मिठाचाच भरणा. अशा ठिकाणी पावसाचे साठवलेले पाणी किंवा आरओचे पाणी मिसळल्याशिवाय ही शेती जमत नाही. घरगुती आरओ यंत्र मात्र देते त्याहून जास्त पाणी बरेचदा वाया घालवते, हा हिशेब टंचाईच्या गावात आधीच करावा लागेल.

दुसरा संबंध अधिक फसवा आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, त्यात बायकार्बोनेट असतात. अशा पाण्यात तुम्ही संध्याकाळी आम्ल घालून सामू सहावर आणता आणि सकाळी बघता तो पुन्हा सातच्या वर. माणूस म्हणतो, मीटर बिघडले. मीटर बिघडलेले नसते, ते खरेच बोलत असते. पाण्यातले बायकार्बोनेट आम्लाला पुरून उरलेले असतात. दोन विहिरींच्या पाण्याचा सामू एकच, समजा ७.८ असू शकतो, पण एकाला चमचाभर आम्ल पुरते आणि दुसऱ्याला त्याच्या कितीतरी पट लागते. हा फरक पीएच मीटरवर कळत नाही, प्रयोगशाळेच्या कागदावर कळतो. तो कागद हातात नसेल, तर खऱ्या मीटरला आपण खोटे ठरवतो आणि नवे विकत घेतो. नव्यावरही तोच आकडा येतो.

आता दुकानात जाऊ. पीएच मीटर घेताना पहिली भुरळ पडते ती दशांश स्थळांची. पडद्यावर ६.०३ असे दिसले, की यंत्र फार अचूक वाटते. पण दाखवणे वेगळे आणि अचूक असणे वेगळे. रेल्वे स्टेशनवरचे घड्याळ सेकंदकाटा दाखवत असले तरी ते दहा मिनिटे मागे असू शकते. माहितीपत्रकात 'अचूकता' या शब्दापुढे काय लिहिले आहे ते वाचा. आपल्या कामाला ०.१ इतकी अचूकता भरपूर झाली. शंभराव्या भागाच्या अचूकतेसाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मीटर दोन ठिकाणी जुळवता आले पाहिजे. याला कॅलिब्रेशन म्हणतात. आपल्या जुन्या भाषेत सांगायचे तर पासंग काढणे. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असताना काटा मध्यावर आहे का, हे आपली आजी वाण्याच्या दुकानात आधी बघायची आणि मगच डाळ तोलून घ्यायची. पीएच मीटरचा पासंग दोन ठरावीक द्रावणांत बघतात. एक ४.०१ चे आणि दुसरे ७.०० किंवा ६.८६ चे. आपला साडेपाच-साडेसहाचा पट्टा बरोबर या दोहोंच्या मध्ये येतो. काही अगदी स्वस्त पेनांवर एकच स्क्रू असतो. तो पिळून एका ठिकाणी आकडा जुळतो, पण दुसऱ्या ठिकाणी तो किती चुकतो ते दुरुस्त करता येत नाही. असे पेन टाळा.

इथे एक बारीक खाच आहे. काही मीटरे द्रावण आपोआप ओळखतात. त्यांना ७.०० चे द्रावण अपेक्षित असते आणि आपण बाजारात मिळाले म्हणून ६.८६ चे पाकीट घेतो. मीटर त्यालाच सात समजते आणि तिथून पुढे प्रत्येक मापात घोळ शिरतो. मीटरच्या पुस्तिकेत कोणता आकडा लिहिला आहे ते बघून त्याच आकड्याचे द्रावण घ्या.

तिसरी गोष्ट, टोकाची काचेची गोळी, म्हणजे इलेक्ट्रोड, बदलून मिळतो का? पीएचचा इलेक्ट्रोड हा म्हातारा होणारा भाग आहे. चांगली निगा राखली तरी साधारण वर्ष-दोन वर्षांत तो थकतो, आणि न वापरता कपाटात ठेवला तरी वय वाढतेच. बदलता येणारा इलेक्ट्रोड नसेल, तर दरवेळी सगळे मीटर फेकावे लागते. विक्रेत्याला विचारा, याचा इलेक्ट्रोड तुमच्याकडे मिळतो का, किती दिवसांत मिळतो. ज्याचा सुटा भाग आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा टपालाने सहज येत नाही, ते मीटर कितीही नामांकित असले तरी आपल्या कामाचे नाही.

चौथी गोष्ट, तापमानाची दुरुस्ती. खोक्यावर 'एटीसी' असे लिहिलेले असते. ईसीच्या बाबतीत ही फार आवश्यक. पाणी एक अंश तापले, की ईसी सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेली दिसते. विदर्भातल्या मे महिन्यात सकाळचे पाणी २५ अंश आणि दुपारचे ३५ अंश असेल, तर काहीही न मिसळता आकडा वीस टक्क्यांनी फुगेल. एटीसी असलेले मीटर हा आकडा २५ अंशांवर आणून दाखवते. पीएचमध्ये एटीसीचे काम मर्यादित आहे. ती इलेक्ट्रोडचा फरक सुधारते. द्रावणाचा सामू तापमानामुळे खरोखरच बदलला असेल, तर तो बदललेलाच दाखवते, आणि तेच बरोबर आहे.

खरेदी करताना जमल्यास दुकानातच एक परीक्षा घ्या. चार आणि सातची द्रावणे सोबत न्या किंवा त्याच दुकानातून विकत घ्या. मीटर सातवर जुळवा, टोक धुऊन चारच्या द्रावणात घाला. आकडा अर्ध्या-एक मिनिटात चारच्या जवळ येऊन स्थिर झाला, तर इलेक्ट्रोड तरुण आहे. रेंगाळत साडेचारवरच थांबला, तर तो दुकानातच म्हातारा झाला आहे. कोणत्याही द्रावणात तोच आकडा दाखवत असेल, तर तो गेलेलाच आहे.

ईसी मीटरची निवड सोपी आहे. त्याला काचेची नाजूक गोळी नसते, त्यामुळे ते पुष्कळ वर्षे टिकते. शून्यापासून निदान पाचपर्यंत मोजणारे, एटीसी असलेले आणि जुळवता येणारे असले की झाले. ते जुळवण्यासाठी १४१३ मायक्रोसीमेन्सचे, म्हणजे १.४१३ मिलिसीमेन्सचे ठरावीक द्रावण मिळते. आपल्या पिकांच्या पट्ट्यातलाच हा आकडा असल्याने सोयीचा. पैसे मोजकेच असतील, तर ईसीचे साधे आणि पीएचचे चांगले मीटर घ्या. दोन्ही एकाच यंत्रात असलेले संयुक्त मीटर सोयीचे असते, पण पीएचचा भाग निकामी झाला, की ईसीचा चांगला भागही अडकून पडतो. त्यामुळे सुरुवात करणाऱ्याने दोन वेगळी मीटरे घेतलेली बरी.

आता निगा. पीएचचा इलेक्ट्रोड कोरडा पडू देऊ नका. टोपणात त्याचे साठवणीचे द्रावण, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण, थेंब-दोन थेंब असावे. पुष्कळ जण स्वच्छतेच्या भावनेने त्याला डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवतात. हा त्याच्यावर अन्यायच आहे. डिस्टिल्ड वॉटरने धुवावे, पण त्यात ठेवू नये. पुसताना घासू नका, मऊ कागदाने नुसते टिपून घ्या. जुळवण्याचे द्रावण लहान वाटीत थोडेसे घ्या आणि काम झाले की फेकून द्या, बाटलीत परत ओतू नका. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. मीटर उन्हात किंवा पंपाच्या खोलीत दमट जागी ठेवू नका. आठवड्यातून एकदा पासंग बघा. आकडा अचानक विचित्र दिसला, तर द्रावणात काही ओतण्याआधी पासंग बघा.

द्रावण हाताशी नसेल, तर आता ते लिंबू काढा. ताज्या लिंबाच्या रसाचा सामू साधारण दोन ते अडीच असतो. खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवला, तर सव्वाआठच्या आसपास. या दोन वाट्यांत मीटर घालून बघा. यावर मीटर जुळवायचे नाही, पण ते शुद्धीवर आहे की नाही एवढे नक्की कळते. दुसरा साक्षीदार म्हणून सामू बघण्याचे रंगाचे थेंब किंवा कागदाच्या पट्ट्या घरात असाव्यात. रंग आणि आकडा यांचे फारच वाकडे असेल, तर मीटरकडे संशयाने बघायला हरकत नाही. उलट, आरओच्या किंवा पावसाच्या पाण्यात पीएचचा आकडा डळमळत राहिला, तर घाबरू नका. त्या पाण्यात क्षारच इतके कमी असतात, की इलेक्ट्रोडला आधार मिळत नाही. खत मिसळल्यावर आकडा थांबतो.

मोजण्याचीही एक रीत आहे. आधी खत मिसळून ईसी जुळवा, मग सामू. कारण खतांमुळेही सामू बदलतो. नमुना ग्लासात काढून मोजा. चालू पंपाच्या टाकीत थेट बुडवल्याने कधी कधी आकडा भरकटतो. आम्ल वापरताना हातमोजे आणि चष्मा घाला. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही. मुलांच्या हाती लागेल असे ते ठेवू नका.

रोज ठरावीक वेळी दोन आकडे आणि पाण्याची पातळी वहीत लिहा. या वहीतून पीक बोलू लागते. पातळी उतरली आणि ईसी चढली, तर रोपे क्षारांपेक्षा पाणी जास्त पीत आहेत, त्यांना साधे पाणी द्या. उन्हाळ्यात असे होणारच. पातळी उतरली आणि ईसीही उतरली, तर त्यांना भूक आहे, खत वाढवा. तोच आकडा एका दिवसापुरता बघितला, तर यातले काहीच कळत नाही.

काय घेऊ नये, तेही सांगतो. मातीत खुपसायचे, सामू, ओलावा आणि ऊन एकत्र दाखवणारे स्वस्त यंत्र पाण्याच्या कामाचे नाही. मोबाइलवर आकडे पाठवणारी आणि आपोआप आम्ल सोडणारी यंत्रणा मोठ्या पॉलिहाऊसला उपयोगी आहे. पण तिचाही डोळा तोच काचेचा इलेक्ट्रोड. तो खोटे बोलू लागला, की यंत्र रात्रभर बिनबोभाट आम्ल ओतत राहील. अशा यंत्रणेच्या मालकाकडेही एक हातातले मीटर वेगळे असलेच पाहिजे. पाण्यातला प्राणवायू मोजणारे मीटर महाग असते आणि नव्या माणसाला त्याची घाई नाही. त्याऐवजी साधा थर्मामीटर घ्या. पाणी तापले, की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसात. मुळे तपकिरी होऊन कुजायला लागतात ती अशाच गरम पाण्यात. टाकीवर सावली करणे हा उपाय कोणत्याही मीटरपेक्षा स्वस्त.

आणखी एक गैरसमज. जनावरांसाठी ट्रेमध्ये मका भिजवून आठवडाभरात हिरवा चारा काढतात, त्यालाही हायड्रोपोनिक चारा म्हणतात. तिथे दाण्यातल्याच अन्नावर कोंब वाढतो आणि बहुधा नुसते पाणीच शिंपडतात. त्यासाठी ही मीटरे घ्यायला कुणी सांगितले, तर ऐकू नका. तिथे बुरशी येऊ न देण्याची स्वच्छता जास्त महत्त्वाची.

तेव्हा श्रोतेहो, खर्चाचा क्रम असा ठेवा. आधी पाण्याची तपासणी. मग दोन ठिकाणी जुळणारे, इलेक्ट्रोड बदलता येणारे पीएच मीटर. मग साधे ईसी मीटर आणि थर्मामीटर. आणि याच खरेदीत, त्याच पिशवीत, जुळवण्याची द्रावणे आणि साठवणीचे द्रावण. द्रावणांसाठी पैसे उरत नसतील, तर मीटर एक पायरी खालचे घ्या, पण द्रावणे सोडू नका. मीटर नसलेला माणूस निदान सावध असतो, पानांकडे बघतो, मुळे उचलून बघतो. खोट्या मीटरचा मालक मात्र निर्धास्त असतो, आणि त्याचे नुकसान जास्त होते.

मीटर आधीच घेऊन ठेवले असेल, तर येत्या आठवड्यात चार आणि सातच्या द्रावणांची दोन पाकिटे आणा आणि त्याचा पासंग बघा. जे दिसेल ते तारखेसह वहीच्या पहिल्या पानावर लिहा.